उजव्या हाताची नखं

माझ्या उजव्या हाताला चार नखं वाढवलेली आहेत आणि डाव्या हाताला एकही नाही. ज्याला गिटार वाजवता येते त्याला याचं कारण लगेच कळतं. आमच्या गावात असा माणूस मी एकटाच, त्यामुळे बाकीच्यांना वाटतं की याचं काहीतरी बिनसलंय. केस कापणाऱ्याचं विचारून झालं, एसटीच्या कंडक्टरचं तिकीट देता देता निरखून झालं. एका चुलत्यांनी तर कुणा महाराजांनी सांगितलंय का, म्हणून चौकशी केली. मी सगळ्यांना हसून उत्तर दिलं. खरं सांगायचं तर मला त्या चौकशा आवडायच्या. छत्तिसाव्या वर्षी नोकरी गमावून घरी परत आलेल्या माणसाकडे लोक दुसऱ्याच गोष्टींची चौकशी करतात. त्यापेक्षा नखं बरी.

आमची बाग रत्नागिरीहून मालगुंडकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. हापूसची कलमं, मध्ये आंबे भरायचा चिऱ्याचा एक लांबलचक मांगर, म्हणजे शेड, आणि त्या सगळ्यावर बाबा. मुंबईतली कंपनी बंद पडली तेव्हा मी बॅग घेऊन अंगणात येऊन उभा राहिलो. बाबा म्हणाले, "बरं झालं आलास. लेबलं लावायला माणूस हवाच होता." ते चेष्टेने म्हणाले की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या हंगामात मी खरोखरच लेबलं लावली. आंब्याच्या पेटीवर बागेच्या नावाचं गोल लेबल चिकटवायचं, वर पत्ता लिहायचा, टेम्पोत चढवायचं. सोळा वर्षं नोकरी करून मी हे शिकायला परत आलो होतो.

गिटार त्याच पावसाळ्यात घेतली. शहरातला एक मुलगा इंजिनीअरिंगला निघून गेला होता, त्याची जुनी गिटार त्याच्या आईला घरातून घालवायची होती. क्लास हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. वर्गात नऊ-दहा वर्षांची मुलं आणि मी. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते, पण मला 'काका' न म्हणता 'सर' म्हणायचे. आम्ही दोघं एकमेकांना सर म्हणायचो आणि मुलं खुदूखुदू हसायची.

पहिले काही महिने स्ट्रमिंग. डाव्या हाताने कॉर्ड धरायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या चिपटीने सहाच्या सहा तारांवरून झाडू मारल्यासारखा हात फिरवायचा. खाली, खाली, वर, वर, खाली, वर. हे जमायला वेळ लागत नाही, आणि जमलं की आपल्याला संगीत येतं असं वाटायला लागतं. यातली सोय अशी की चूक झाली तरी ती सहा तारांच्या गलक्यात बुडून जाते. एखादं बोट नीट दाबलं गेलं नाही तर बाकीच्या पाच तारा सांभाळून घेतात. गणपतीत मी आरतीला गिटार घेऊन उभा राहिलो. झांजांच्या आवाजात मी काय वाजवलं ते देवालाही ऐकू गेलं नसेल. पण मी मान हलवत होतो, घामाघूम झालो होतो, आणि बऱ्याच दिवसांनी मजेत होतो.

दिवाळीनंतर सरांनी माझ्या हातातली चिपटी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाले, "आता बोटांनी." फिंगरपिकिंग म्हणतात त्याला. वरच्या तीन जाड तारा अंगठ्याच्या. खालच्या तीन बारीक तारा तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांच्या. एकेका बोटाला एकेक तार नेमून दिलेली. अंगठ्याने संथ चालत राहायचं आणि बाकीच्या तिघांनी त्याच्या चालीत आपापला सूर टाकायचा. ऐकायला किती सोपं. पण माझा अंगठा चालायला लागला की बोटं थांबायची आणि बोटं चालली की अंगठा त्यांच्या मागे धावायचा. अनामिकेला तर आजवर कुणी काही काम सांगितलंच नव्हतं. तिने तार ओढायची म्हटलं की शेजारची करंगळी उगाच ताठ व्हायची.

सगळ्यात वाईट म्हणजे आता सगळं ऐकू यायला लागलं. एक तार, एक बोट, एक आवाज. चुकलं की ते तसंच उघडं खोलीत उभं राहायचं. पंधरा दिवस मी रोज सरांना म्हणायचो की हे माझ्या वयाला झेपणार नाही, आणि पंधरा दिवस ते म्हणायचे, "हळू वाजवा. आणि नखं वाढवा." बोटाच्या मांसाने आवाज बोथट येतो. नख थोडं पुढे हवं, बोटाच्या गोलाईत घासलेलं, गुळगुळीत. नख नीट वाढायला दीड-दोन महिने लागतात आणि तुटायला क्षण पुरतो.

पौषात नखं आली. एका संध्याकाळी पडवीत बसून वाजवत होतो आणि अचानक माझ्या लक्षात आलं की अंगठा चालतोय आणि मी त्याच्याकडे बघत नाहीये. बोटं आपापल्या तारा घेत होती. आवाज स्वच्छ होता, एकेक दाणा सुटा. मी थांबलो नाही, कारण थांबलो तर परत जमणार नाही अशी भीती वाटत होती. आतून आई म्हणाली, "रेडिओ लावलास का रे?" माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी, आणि मी ती तिला कधी सांगितली नाही.

सरांनी एप्रिलअखेर क्लासचा कार्यक्रम ठरवला. त्यांनी स्वतः रचलेली चार मिनिटांची एक धून मला दिली, एकट्याने वाजवायला. मुलं स्ट्रमिंग करणार होती, फिंगरपिकिंग मी एकटा. पण एप्रिल म्हणजे आंबा.

आता मांगरातला रिवाज सांगायला हवा. हंगामात रोज सकाळी पेट्या भरायला बसण्याआधी बायका रांगेत उभ्या राहतात आणि हात पुढे करतात. बाबा एकेकीची नखं बघतात. अंगठ्या काढलेल्या हव्यात, नखं मुळाशी कापलेली हवीत. दाराच्या चौकटीला सुतळीने नेलकटर बांधलेला असतो. हापूसची साल वरून टणक दिसते, पण तिला नख लागलं की तिथून चीक येतो. तेव्हा काही दिसत नाही. चार-पाच दिवसांनी आंबा पिकायला लागला की तेवढाच चंद्राच्या कोरीसारखा डाग काळा पडतो, मग आत शिरतो, आणि शेजारच्या आंब्यालाही घेऊन जातो. बाबांच्या दृष्टीने नखं वाढवलेला माणूस मांगरात येणं म्हणजे चपला घालून देवघरात जाणं.

दुसरा रिवाज खुणेचा. प्रत्येक बाई आपल्या रिकाम्या पेट्यांच्या बाजूवर मार्करने आपली खूण करते. कुणाची फुली, कुणाच्या दोन रेघा. माल कुठूनही परत आला किंवा तक्रार आली तर कुणी भरला ते कळतं. एका काकीची खूण गोल होती. ही काकी खालच्या वाडीतली, आमच्याकडे माझ्या लहानपणापासून येणारी. आंबा हातात घेऊन तो किती दिवसांनी पिकेल ते सांगायची आणि ते खरं व्हायचं. बाबा गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, गोलाची पेटी डोळे मिटून घ्या. ती विधवा होती, सून आणि दोन नातवंडं तिच्यावर होती, आणि मांगरात तिची जागा खिडकीजवळची, कुणी कधी न मागितलेली. तिच्या उजव्या अंगठ्यावर कधीतरी चिऱ्याचा दगड पडला होता. ते नख जाड, वेडंवाकडं वाढायचं, मध्ये चीर गेलेलं. ती ते दगडावर घासून घासून बसवायची.

माझी नखं बाबा बघत नसत. मी रांगेत उभाच राहत नव्हतो. मी लेबलवाला, आणि घरचा. बायका मात्र गंमत करायच्या. "दादा, आता नेलपॉलिश आणतो तुमाला." मीही हसायचो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खालच्या वाडीत एक लग्न होतं, दोन बायका आल्या नाहीत. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पेट्या त्याच दिवशी चार वाजता निघायच्या होत्या. बाबा बाहेरून ओरडले, "अरे, बस की तूही जरा." मी काकीशेजारी पेंढ्यावर बसलो. मला खूण नव्हती. मालकाच्या मुलाला खूण कशाला? काकीने आपल्या ढिगातल्या पेट्या माझ्याकडे सरकवल्या. "माज्याच घे. काय फरक पडतंय."

मी भरायला लागलो. तिने एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. "बाला, नखं सांभाळ हां."

"पेरांनी धरतोय काकी," मी म्हणालो.

पहिल्या काही पेट्या मी खरंच पेरांनी धरून भरल्या. मग घाई झाली. आंबा उजव्या हातात घ्यायचा, देठ बाजूला करून पेंढ्यात बसवायचा, दुसरा घ्यायचा. अंगठा एका बाजूला, तीन बोटं दुसऱ्या बाजूला, गिटारवर असतात तशीच. एकदा नख आत गेल्याचं मला कळलं. अगदी स्पष्ट कळलं. चिकाचा एक थेंब आला. मी तो सदऱ्याला पुसला आणि तो आंबा पेटीच्या तळाशी ठेवला. तेव्हाच उठून दाराशी जायचं, सुतळीचा नेलकटर घ्यायचा आणि चार नखं कापून यायचं, एवढंच होतं. कार्यक्रमाला जेमतेम तीन आठवडे होते. मी उठलो नाही.

सहाव्या दिवशी फोनवर फोटो आले. सोसायटीतल्या कुणीतरी पेटी उघडून आंबे ओळीने फरशीवर मांडून फोटो काढले होते. प्रत्येक आंब्यावर काळ्या कोरी, एका बाजूला तीन, समोर एक. शेवटच्या फोटोत पेटीची बाजू, त्यावर गोल. खाली लिहिलं होतं की पुढच्या वर्षी आम्ही देवगडहून मागवू. बाबांना दुसरं काही लिहिलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

त्यांनी काम थांबवलं. बायकांना उभं केलं. फोन हातात धरून ते काकीसमोर गेले आणि म्हणाले, "हात दाखव."

तिने दोन्ही हात पुढे केले. बाबांनी उजवा अंगठा बघितला, ते जाड नख. खूप वेळ बघितला. मी लेबलांच्या टेबलाशी उभा होतो, उजवा हात पॅन्टच्या खिशात. काकीने मान वळवली आणि माझ्या खिशाकडे बघितलं. तोंडाकडे नाही, खिशाकडे. मग पुन्हा समोर बघायला लागली.

"मी कापलंय भाऊ," ती म्हणाली.

"दिसतंय ना मला," बाबा म्हणाले. "या वर्षी राहू दे आता. घरी थांब."

त्यांनी आवाज चढवला नाही. तिने पदर खोचला, कोपऱ्यातली पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेली. बाकीच्या बायका खाली बसल्या. दहा मिनिटांनी कुणीतरी तिच्या खिडकीजवळच्या जागेवर सरकली. मला तोंड होतं. मी ते उघडलं नाही. कार्यक्रम झाला की सांगू, असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलंसुद्धा. माणसाला स्वतःला पटवायला फार कष्ट पडत नाहीत.

गोलाची पेटी खराब निघाली ही गोष्ट दोन दिवसांत आजूबाजूच्या सगळ्या बागांत पोचली. इतकी वर्षं तिला पळवायला टपलेल्या बागायतदारांकडे एकाएकी पुरेशी माणसं झाली. आठवड्याभराने ती पहाटेच्या एसटीने शहरात जायला लागली, बंदरावर कोळंबी सोलायला. बर्फातली कोळंबी, आठ तास. मी क्लासला स्कूटरवरून जायचो तेव्हा ती मला एकदा थांब्यावर दिसली. हाताची बोटं चिंध्यांनी गुंडाळलेली होती. मी स्कूटर हळू केली आणि मग पुन्हा वेग घेतला.

कार्यक्रम झाला. मी चार मिनिटं वाजवलं आणि एकही तार चुकली नाही. हे मी नम्रपणा सोडून सांगतो, कारण खोटं बोलायची माझी पाळी आधीच होऊन गेली होती. बाबा तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मुलांच्या आयांनी टाळ्या वाजवल्या, सरांचे डोळे भरून आले. घरी येताना बाबा म्हणाले, "हात चांगला चालतो रे तुझा." त्यांनी माझं कशाबद्दलही कौतुक करायची ती पहिली वेळ.

मे संपता संपता मी खालच्या वाडीत गेलो. काकी ओट्यावर बसून पायांना तेल लावत होती. तिने मला बसायला पाट दिला, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तो चिकाचा थेंबही सांगितला, सदऱ्याला पुसलेला.

"मला म्हायती व्हतं," ती म्हणाली.

"मग बोललीस का नाहीस?"

"बोलून काय? तू घरचा." तिने तेलाची बाटली बंद केली. "आनि तुज्या बापसाला पन म्हायती व्हतं."

मी म्हणालो, नाही काकी, बाबांना नव्हतं माहीत.

तिने आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती. "हितं वाईट नख येक हाय. फोटोत वण किती व्हते? एका बाजूस तीन, समोर येक. तुजा बापूस चाळीस वर्सं आंबे बगतो. त्याला कळलं नाय व्हय?" मग ती म्हणाली, "च्या घे, निवतोय."

मी चहा घेतला. तिला परत बोलवू का, असं विचारलं. ती म्हणाली, "आता कुनाच्या तोंडानं येऊ? गोल घेऊन?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला घरी येताना काहीतरी बरोबर नेता आलं असतं.

बाबा अंगणात रिकामे क्रेट धूत होते. मी सरळ विचारलं. त्यांनी पाइप बंद केला नाही. "मग काय करायचं होतं? दहा बायकांसमोर तुला म्हणायचं होतं, हात दाखव म्हणून? आधीच लोक काय बोलतात तुझ्याबद्दल, ठाऊक आहे ना?" त्यांनी पुढचा क्रेट ओढून घेतला. "जी माणसं आपली असतात त्यांनाच सांगता येतं, थांब म्हणून. तिला समजलं. तुलाही समजायला हवं." आणि मग, मला वाटतं हे त्यांनी प्रेमाने म्हटलं, "नखं मात्र कापू नकोस आता. चांगलं वाजवतोस."

मी त्यांचा राग राग केला. अजूनही करतो. पण त्या रागाला बूड नाही, कारण त्यांनी जे केलं ते माझ्यासाठी केलं, आणि ते करत असताना मी तिथेच, पाच हातांवर, खिशात हात घालून उभा होतो.

वर्षभर मी रोज वाजवलं. तीन नव्या धुना शिकलो. सर म्हणतात आता तुमचा हात बसला. स्ट्रमिंग मी सोडूनच दिलंय. गणपतीत आरतीला गिटार नेली नाही. आणि वर्षभर मी एक वाक्य तयार ठेवलं. नवा हंगाम सुरू होईल, बायका रांगेत उभ्या राहतील, तेव्हा मीही रांगेत उभा राहायचं, हात पुढे करायचे आणि सगळ्यांसमोर म्हणायचं: मागच्या वर्षीचे आंबे माझ्या नखांनी खराब झाले, काकीच्या नाही. एवढंच. दहा सेकंदांचं काम. त्यासाठीच मी नखं ठेवली, असं मी स्वतःला सांगत होतो.

या मार्चमध्ये पहिली तोड झाली. सकाळी मांगरात बायका उभ्या राहिल्या, खिडकीजवळची जागा आता एका तरुण बाईची आहे. मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो आणि दोन्ही हात पुढे केले. पलीकडच्या बाईने माझी नखं बघितली, मग तिच्या पलीकडच्या बाईने. बाबा एकेकीचे हात बघत बघत आले. माझ्यापाशी आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं नाही.

"तू लेबलं घे," ते म्हणाले.

मी लेबलं घेतली आणि टेबलाकडे गेलो.